पश्चात्ताप कुठे कोरला, कुठे नाही: सम्राट अशोकाचे लेख पूर्ण वाचताना

कलिंगचं युद्ध झालं, प्रेतांचा खच पाहून सम्राट अशोकाचं मन पालटलं, त्याने शस्त्र खाली ठेवलं आणि तो बुद्धाला शरण गेला. शाळेत आपण सगळेच ही गोष्ट शिकलो. ती खोटी नाही, पण अर्धवट आहे. शस्त्र खाली ठेवलं म्हणजे नेमकं काय केलं? जिंकलेला कलिंग परत दिला का? धरून नेलेली माणसं घरी सोडली का? देहदंड बंद केला का?

कलिंग परत दिला नाही. देहदंड बंद केला नाही. आणि नेलेल्या माणसांना परत पाठवल्याचा एकाही लेखात उल्लेख नाही. हे सगळं आपल्याला अशोकाच्या कुणा वैऱ्याकडून कळत नाही, त्याने स्वतः कोरून घेतलेल्या लेखांवरून कळतं. हा राजा समजून घेताना पहिली अडचण इथेच येते. त्याच्यावर जे आरोप करता येतात, त्यांचा बहुतेक पुरावा त्यानेच दिलेला आहे.

अशोक आपल्याला परका नाही. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला, त्याच्या मध्यभागी सारनाथच्या स्तंभावरचं चक्र आहे. २६ जानेवारी १९५० पासून त्याच स्तंभावरचे सिंह आपली राजमुद्रा आहेत. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तो दिवस अशोक विजयादशमीचा होता. ज्याच्याविषयी एवढा आदर आहे, त्याचं लिखाण आपण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं पाहिजे, मधली अवघड वाक्यं गाळून नव्हे, असं मला मनापासून वाटतं.

दगड एक सांगतो, कथा दुसरं सांगतात

अशोक इ.स.पू. २६८ च्या सुमारास गादीवर आला आणि इ.स.पू. २३२ च्या सुमारास वारला. आजच्या अफगाणिस्तानातल्या कंदाहारपासून कर्नाटकापर्यंत त्याचे लेख सापडतात. बहुतेक लेख प्राकृतात आणि ब्राह्मी लिपीत आहेत, वायव्येला खरोष्ठीत, तर कंदाहारला थेट ग्रीक आणि अरामी भाषेत. म्हणजे जिथल्या लोकांना जे वाचता येईल, ते तिथे. ब्राह्मी लिपी पुढे लोक विसरून गेले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, तेव्हा हे दगड बोलू लागले. तरीही बहुतेक लेखांत राजाचं नाव ‘देवानंपिय (देवांचा लाडका) पियदसि’ एवढंच येतं. हा पियदसि म्हणजेच अशोक, याची ठाम खात्री १९१५ मध्ये कर्नाटकातल्या मस्कीच्या लेखाने पटली, कारण त्यात ‘असोक’ हे नाव आहे.

महाराष्ट्रातही त्याचे लेख होते. पालघर जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्याला, म्हणजे प्राचीन शूर्पारकला, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना आठव्या गिरिलेखाचा तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. हे गिरिलेख चौदांच्या मालिकेत येतात, त्यामुळे या बंदरातही ती मालिका कोरलेली असणार, असंच मानलं जातं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशोकाची दुसरी ओळख बौद्ध कथांमधून होते. संस्कृतातलं ‘अशोकावदान’ आणि श्रीलंकेतला पाली ‘महावंस’ हे त्यातले प्रमुख ग्रंथ. तिथला सुरुवातीचा अशोक भयंकर आहे. श्रीलंकेच्या परंपरेत तो ९९ भावांना मारून गादी मिळवतो. अशोकावदानात तो अमात्यांची मुंडकी छाटतो, अंतःपुरातल्या स्त्रियांना जाळतो, बाहेरून देखणं आणि आतून यातनागृह असलेलं कारागृह बांधतो. लोक त्याला चंडाशोक म्हणतात. मग धम्म भेटतो आणि चंडाशोकाचा धर्माशोक होतो.

आता गंमत नव्हे, पण विचार करायला लावणारी गोष्ट अशी की या कथांमध्ये कलिंगचं युद्धच नाही. त्यांच्या लेखी राजाचं मन पालटतं ते एखाद्या भिक्षूच्या भेटीमुळे. उलट दगडांवर कलिंग आहे, पण भावांच्या हत्येचा शब्दही नाही. पाचव्या गिरिलेखात तर भाऊ-बहिणींच्या घरांमध्ये धम्ममहामात्र, म्हणजे धम्माचं काम पाहणारे अधिकारी, नेमल्याचा उल्लेख आहे, तेव्हा ९९ हा आकडा शब्दशः घेता येत नाही. कथाकारांना धम्माचा महिमा दाखवायचा होता. आधीचा अंधार जितका गडद, तितका नंतरचा उजेड लख्ख, हा त्यांचा हिशोब. म्हणून चंडाशोकाच्या कथा पुरावा म्हणून वापरताना हात आखडता घ्यावा. दगड मात्र समकालीन आहे, आणि तो राजाच्याच आवाजात बोलतो.

मनपरिवर्तन एका संध्याकाळी झालं नाही, हेही दगडावरच कळतं. रूपनाथ, मस्की अशा ठिकाणच्या लघुशिलालेखात अशोक म्हणतो की उपासक होऊन मला अडीच वर्षांहून अधिक काळ झाला, पण पहिलं वर्षभर मी फारसा प्रयत्न केला नाही. नंतर संघाच्या सहवासात आलो आणि तेव्हापासून कसून लागलो. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या राजाने ‘वर्षभर माझ्या हातून विशेष काही झालं नाही’ हे चारचौघांत सांगावं, तेही दगडावर! मला हा अशोक अतिशय जवळचा वाटतो.

तेरावा लेख जवळून

कलिंगची कबुली तेराव्या गिरिलेखात आहे. ती थोडी सावकाश वाचू.

राज्याभिषेकाला आठ वर्षं झाली तेव्हा कलिंग जिंकला, असं सांगून लेख थेट आकड्यांवर येतो. दीड लाख माणसं तिथून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. ‘शतसहस्र’ हा तेव्हाचा ठोकळ आकडा असू शकतो. रोमन लेखक प्लिनीने कलिंगच्या राजाचं सैन्य ६०,००० पायदळ, १,००० घोडदळ आणि ७०० हत्ती असं दिलं आहे. ते खरं धरलं, तर अशोकाने दिलेला मृतांचा आकडा सैन्यापेक्षा मोठा भरतो. म्हणजे मेले ते सगळे लढवय्ये नव्हते. आणि ‘त्याच्या कितीतरी पट मेली’ यात युद्धामागून येणारी उपासमार, रोगराई, उजाड झालेली गावं आली.

नंतर अशोक दुःखाचा पाढा वाचतो. तो म्हणतो, तिथे ब्राह्मण राहतात, श्रमण राहतात, आईवडिलांची आणि गुरूंची सेवा करणारे, मित्रांशी आणि नोकरचाकरांशी नीट वागणारे गृहस्थ राहतात. त्यांच्या वाट्याला इजा, मरण किंवा प्रियजनांपासून ताटातूट येते. आणि मग तो असं वाक्य लिहितो, जे मला दुसऱ्या कुठल्याही प्राचीन राजाच्या लेखात आढळलेलं नाही: जे स्वतः सुखरूप राहिले, त्यांच्याही मित्रांवर, ओळखीच्यांवर, नातेवाइकांवर संकट येतं, आणि माया आटलेली नसल्यामुळे तीच त्यांची इजा ठरते.

युद्धात वाचलेल्याचं दुःखही दुःख असतं, हे एका जेत्याने मोजलं. कलिंगमध्ये तेव्हा जे मेले, त्यांच्या शंभराव्या किंवा हजाराव्या हिश्शाला जरी आज तसं भोगावं लागलं, तरी देवानंपियाला ते असह्य वाटेल, असं तो पुढे म्हणतो. याच काळाच्या आधी इराणच्या पहिल्या दारयवहूने बेहिस्तूनच्या कड्यावर आपला लेख कोरवला. त्यात बंडखोरांचे नाक-कान कापल्याचं आणि त्यांना सुळी दिल्याचं अभिमानाने सांगितलं आहे. राजांचे लेख तसेच असायचे. विजयाची लाज वाटते असं सांगणारा लेख त्या जगात कुणाच्या कल्पनेतही नव्हता. त्यामुळे अशोकाचा पश्चात्ताप म्हणजे निव्वळ राजकारण होतं, असं जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. राजकारणासाठी आपल्याच हातून झालेल्या हत्यांचा आकडा देण्याची गरज नव्हती.

पण लेख इथे संपत नाही. त्याच लेखात, लगेच पुढे, अरण्यातल्या लोकांचा उल्लेख येतो. राज्याच्या हद्दीतल्या आटविकांनाही देवानंपिय समजावतो, त्यांची मनधरणी करतो. पण पश्चात्ताप झालेला असला तरी त्याच्या हाती बळ आहे, हेही त्यांना सांगितलं जातं, यासाठी की त्यांना आपल्या करणीची लाज वाटावी आणि ते मारले जाऊ नयेत.

हे वाक्य दोनदा वाचावं असं आहे. ‘मला वाईट वाटलं आहे, पण माझ्या वाईट वाटण्याच्या भरवशावर राहू नका.’ अरण्यातून लाकूड येई, हत्ती येत, व्यापाराचे रस्ते अरण्यातूनच जात. तिथली माणसं गावकऱ्यांसारखी खातेवहीत बसत नव्हती, कर देत नव्हती, राजाज्ञा मानत नव्हती. त्यांच्याशी बोलताना त्याचा आवाज बदलतो. ग्रीक राजांची नावं घेताना (अंतियोक, तुरमाय, अंतेकिन, मका, अलिकसुदर) तो धम्माने मन जिंकल्याचं समाधान व्यक्त करतो. आटविकांना मात्र दंडाची आठवण करून देतो. करुणा खरी होती, पण ती सगळ्यांना सारख्या मापाने मिळत नव्हती.

शेवटी मुला-नातवंडांसाठी उपदेश आहे: नवा प्रदेश जिंकण्यासारखा असतो असं त्यांनी मानू नये. आणि जिंकलाच, तर क्षमा आणि सौम्य दंड ठेवावा. एका वाक्यात बंदी आणि त्याच वाक्यात बंदी मोडली तर काय करायचं याची सोय. ज्याला राज्य कसं चालतं हे आतून माहीत आहे, तोच असं लिहू शकतो.

कलिंगमध्ये हा लेखच नाही

आता सगळ्यात अवघड भाग. कलिंगमध्ये चौदा गिरिलेखांची मालिका दोन ठिकाणी कोरलेली आहे. एक भुवनेश्वरजवळ दया नदीकाठी धौली, दुसरं गंजाम जिल्ह्यातलं जौगड. धौलीला खडकातून अर्धा हत्ती बाहेर येताना कोरला आहे आणि त्याच्याखाली लेख आहेत. या दोन्ही ठिकाणी अकरावा, बारावा आणि तेरावा हे तीन लेख नाहीत. म्हणजे गिरनारला, कालसीला, पाकिस्तानातल्या शाहबाजगढीला लोक कलिंगच्या मृतांचा आकडा वाचत होते. सोपाऱ्याच्या बंदरात उतरणाऱ्या व्यापाऱ्यालाही तो बहुधा वाचायला मिळत असणार. ज्यांचे बाप-भाऊ त्या आकड्यात होते, त्या कलिंगच्या लोकांना मात्र नाही.

का? समजूतदार उत्तर असं की जखम ताजी होती. जेत्याच्या तोंडून आपल्या मेलेल्यांची मोजदाद ऐकवणं म्हणजे तिच्यावर मीठ चोळणं. व्यवहारी उत्तर असं की नुकत्याच जिंकलेल्या मुलखात ‘एक लाख मारले’ हे कोरून ठेवणं म्हणजे बंडाला आयतं कारण देणं. आणि कठोर उत्तर असं की हा पश्चात्ताप जगाला दाखवण्यासाठी होता, पीडितांकडे क्षमा मागण्यासाठी नव्हता. मला दुसरं उत्तर सगळ्यात संभवनीय वाटतं. पण तिसऱ्याचा काटा निघत नाही, कारण तेराव्या लेखात पश्चात्ताप आहे, पण कलिंगच्या लोकांना उद्देशून एकही शब्द नाही. कर्नाटकातल्या सन्नतीला सापडलेल्या शिळेवरही बाराव्या लेखानंतर थेट चौदावा येतो आणि मागच्या बाजूला कलिंगमध्ये गाळलेल्या लेखांच्या जागी कोरलेले तेच दोन खास लेख आहेत. म्हणजे हे कोरक्याच्या चुकीने झालेलं नाही. काही प्रांतांसाठी मजकूर वेगळा ठेवायचा, असा निर्णय वर कुठेतरी झाला होता.

त्या जागी जे कोरलं, ते मात्र वाचण्यासारखं आहे. धौलीच्या पहिल्या खास लेखात अशोक कलिंगमधल्या तोसली शहरात न्यायदान करणाऱ्या महामात्रांना, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांना, उद्देशून म्हणतो: सगळी माणसं माझी मुलं आहेत. मुलांना इहलोकात आणि परलोकात सुख मिळावं असं मला जसं वाटतं, तसंच सगळ्यांबद्दल वाटतं. हे वाक्य आपण भिंतींवर लिहितो. त्यापुढचं लिहीत नाही. पुढे तो अधिकाऱ्यांना झापतो. हे तुम्हाला नीट कळलेलं नाही, कुणाला कळलं असेल तर अर्धवट. कारण नसताना एखाद्याला बेड्या पडतात, छळ होतो आणि त्याच्यापायी आणखी कितीतरी लोक दुःखी होतात. मग अधिकाऱ्याचा निवाडा कशाने बिघडतो याची यादी देतो: मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा.

‘थकवा’ या शब्दापाशी मी थांबतो. कचेरीत सकाळपासून तक्रारी ऐकून दमलेला कारकून दुपारनंतर कागद न वाचता सही करतो आणि एखाद्याचं वाटोळं होतं, हे बावीसशे वर्षांपूर्वी एका राजाच्या ध्यानात आलं होतं. तो त्यावर उपायही करतो. दर पाच वर्षांनी सौम्य स्वभावाचा अधिकारी फिरतीवर पाठवायचा, उज्जैनहून तर तीन वर्षांच्या आत. तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख मोठ्याने वाचून दाखवायचा, मध्येही वाचायचा, ऐकणारा एकच असला तरी. कलिंगच्या माणसाला माफी मिळाली नाही, पण कारण नसताना तुरुंगात पडू नये याची तजवीज मिळाली. कुठली जास्त मोलाची, हे तिथल्या माणसालाच विचारायला हवं होतं.

तीन दिवसांची मुदत

देहदंडाबद्दलचा पुरावा चौथ्या स्तंभलेखात आहे, राज्याभिषेकानंतरच्या सव्विसाव्या वर्षातला. कलिंगला तेव्हा अठरा वर्षं होऊन गेली होती. इथे अशोक राजुक नावाच्या अधिकाऱ्यांना न्यायाचे अधिकार देतो. हुशार दाईच्या हाती मूल सोपवून माणूस निश्चिंत होतो, तसे मी राजुक नेमले, असं म्हणतो. सगळीकडे न्याय सारखा असावा, शिक्षा सारखी असावी, असा आग्रह धरतो. आणि सांगतो की ज्यांना देहदंड झाला आहे, त्यांना तीन दिवसांची मुदत मिळेल. त्या दिवसांत नातेवाइकांनी जीव वाचवण्यासाठी पुन्हा विनवणी करावी. विनवणी करणारं कुणी नसेल, तर कैद्याने परलोकासाठी दान करावं किंवा उपवास करावा.

अहिंसेचा प्रचार करणाऱ्या राजाच्या राज्यात जल्लाद होता. हे झाकण्यात अर्थ नाही. पण त्या तीन दिवसांत काय दडलं आहे, तेही पाहावं. निकालात चूक असू शकते, हे राजा मान्य करतो. एकदा गेलेला जीव परत येत नाही, म्हणून थांबा, असं सांगतो. सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा कैद्यांना सोडलं, असंही पाचव्या स्तंभलेखात नोंदवतो. मला इथे ढोंग दिसत नाही. दिसतो तो एक माणूस, ज्याला हिंसा नको आहे, पण दंडाशिवाय राज्य कसं चालवायचं याचं उत्तर त्याला सापडलेलं नाही. अर्थात, ज्याच्यासाठी विनवणी करणारं कुणीच नव्हतं, त्याच्या दृष्टीने हे तीन दिवस कसले गेले असतील, हा प्रश्न उरतोच.

दोन मोर आणि एक हरीण

पहिल्या गिरिलेखातला मजकूर छोटा आहे, पण मला फार आवडतो. पूर्वी माझ्या मुदपाकखान्यात रोज कालवणासाठी लाखो प्राणी मारले जात. आता हा लेख लिहिला तेव्हा तीनच मारले जातात: दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत.

‘सोडलं’ असं लिहून मोकळा झाला असता तर कोण तपासायला जाणार होतं? तो मोर मोजून सांगतो. खाण्याची सवय हळूहळू सुटते, आणि ती पुरती सुटलेली नाही हे तो लपवत नाही. पुढे पाचव्या स्तंभलेखात तो पोपट, मैना, वटवाघूळ, कासव अशा जीवांची लांबलचक यादी देऊन त्यांना मारायला मनाई करतो, गाभण शेळ्या-मेंढ्यांना अभय देतो, जीवजंतू असलेलं भुसकट जाळू नका म्हणतो. ठराविक तिथींना मासे मारायचे नाहीत, विकायचे नाहीत. म्हणजे नदीकाठच्या कोळ्याचा त्या दिवसांचा रोजगार राजाच्या दयेपायी बुडाला. भरपाईचं काही लिहिलेलं नाही.

सगळ्या पंथांचा मान, काही अपवाद वगळून

बारावा लेख आज आपल्याकडे घरोघरी वाचला जावा इतका मोठा आहे. बोलण्यात संयम ठेवा, कारण नसताना आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नका. जो आपल्या पंथावरच्या भक्तीपोटी दुसऱ्याला कमी लेखतो, तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. बोलण्यापुरतंच नव्हतं हे. स्वतः बौद्ध असताना त्याने राज्याभिषेकानंतरच्या बाराव्या आणि एकोणिसाव्या वर्षी बिहारमधल्या बराबरच्या टेकड्यांत लेणी दान दिली. बाराव्या वर्षीची तर सरळ आजीविकांना दिली आहेत, आणि आजीविक म्हणजे बुद्धांनी ज्यांच्या मताला कडाडून विरोध केला तो पंथ.

आणि तरीही नवव्या लेखात, भुईगावला ज्याचा तुकडा सापडला त्याच लेखात, तो म्हणतो की आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, आणि त्यातही बायका पुष्कळ क्षुल्लक, निरर्थक विधी करतात. श्रमण-ब्राह्मणांच्या मतांचा मान राखणाऱ्या राजाला घरातल्या बाईच्या नवसा-सायासाचा तितका मान राखता आला नाही. संघाबाबत तर तो आणखी कडक आहे. सारनाथ, सांची आणि कौशांबीच्या स्तंभांवर हुकूम आहे की संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला किंवा भिक्षुणीला पांढरी वस्त्रं नेसवून विहाराबाहेर ठेवावं. पंथापंथांत मोकळीक, स्वतःच्या पंथात मात्र राजाज्ञा.

अशोकावदानात याहून भयंकर कथा आहे, तीही धम्म स्वीकारल्यानंतरची. बंगालमधल्या पुंड्रवर्धनात कुणीतरी बुद्धांना निर्ग्रंथाच्या, म्हणजे जैन साधूच्या, पाया पडताना दाखवणारं चित्र काढलं, म्हणून राजाने एका दिवसात १८,००० आजीविकांना मारलं. पुढे मुंडक्यामागे बक्षीस लावलं आणि त्यात त्याच्या स्वतःच्या भावाचं मुंडकं आलं. बराबरच्या लेण्यांचा पुरावा समोर असताना ही कथा मी इतिहास म्हणून घेणार नाही. ती अशोकानंतर काही शतकांनी लिहिली गेली, आणि त्या काळातली पंथांमधली चुरस तिच्यात उतरली आहे. पण ज्यांनी त्याला आदर्श राजा मानलं, त्यांनीच ती लिहिली आणि जपली, हे विसरून चालत नाही. राजा कितीही धार्मिक झाला तरी त्याच्या हातात दंड असतो आणि त्या हाताची भीती बाळगावी, हे त्या भिक्षूंना चांगलं ठाऊक असावं.

कलिंगचा आवाज

अशोकाच्या लेखांत कलिंगचे लोक स्वतः कधीच बोलत नाहीत. त्यांच्या वतीने बोलणारा लेख शे-दोनशे वर्षांनी येतो. धौलीपासून थोड्याच अंतरावर, भुवनेश्वरच्या उदयगिरीवर हाथीगुंफा आहे. तिच्या कपाळावर कलिंगचा राजा खारवेल याने आपल्या कारकिर्दीचा वर्षवार वृत्तांत कोरवला. खारवेल जैन होता. तो मगधावर, म्हणजे अशोकाच्या मूळ राज्यावर, चालून गेल्याचं, मगधाच्या राजाला आपल्या पायाशी वाकायला लावल्याचं आणि पूर्वी नंद राजाने पळवून नेलेली कलिंगची जिनमूर्ती परत आणल्याचं अभिमानाने सांगतो. पराभव कलिंगच्या चांगलाच लक्षात होता. पण त्या लेखात नंदाचा उल्लेख आहे, अशोकाचं नाव नाही. लाखभर माणसं मारणारा राजा त्यात नाही, आणि त्याबद्दल हळहळणाराही नाही.

मात्र लेखाच्या अखेरीला खारवेल स्वतःला जी विशेषणं लावतो, त्यात एक आहे ‘सवपासंडपूजक’, सर्व पंथांची पूजा करणारा. अशोकाचा बारावा लेख याच शब्दांनी सुरू होतो: देवानंपिय पियदसि राजा ‘सव पासंडानि’ पूजतो. कलिंगमध्ये जे तीन लेख कोरायचे नाहीत असं ठरलं होतं, त्यांतला हा एक.